पाळी थांबली म्हणजे पोरगी फिट झाली असं नसतं

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आम्ही चोपडा तालुक्यातले. मुलगी 19 वर्षांची, वजन 44 किलो, पोलीस भरतीची तयारी करतेय. पहाटे पाचला डांबरी रोडवर पळते, संध्याकाळी परत ग्राउंड. दोन महिन्यांपासून उजवी नडगी दुखतेय आणि साडेतीन महिने झाले पाळी नाही. अकॅडमीत सांगतात वजन कमी ठेव, म्हणून रात्रीची भाकरी तिने बंद केली. मैत्रिणी म्हणतात जास्त पळणाऱ्यांची पाळी जातेच, त्यात काही नाही. माझ्या सासूबाई म्हणतात, ‘आंडेर पार वाळी गई’, म्हणजे पोरगी पार वाळून गेली. पळणं बंद करू का?

उत्तर : ताई, तुमच्या सासूबाईंनी बरोबर ओळखलंय. तुम्ही नडगी आणि पाळी या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून लिहिल्यात पण मला तर यात एकच गोष्ट दिसतेय, पोरगी जितकं पळते तितकं खात नाहीये. पळण्यात सगळी ताकद खर्च झाली की शरीर उरलेल्यात काटकसर करतं, मेंदू पाळीचे हार्मोन कमी करतो, त्यात इस्ट्रोजेन घसरतं आणि इस्ट्रोजेन घसरलं की हाडं ठिसूळ व्हायला लागतात. आणि हे नेमकं या वयात, जेव्हा हाडात आयुष्यभराची भर पडत असते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या त्रासाला वेगळं नाव देऊन सगळ्या खेळांच्या डॉक्टरांना सावध केलं, आणि हे मुलांनाही होतं बरं का, फक्त त्यांच्यात पाळीसारखी खूण नसते म्हणून लवकर कळत नाही. तेव्हा ‘पाळी जातेच’ हे मनातून काढा. तीन महिने पाळी नाही म्हणजे तपासणी करायचीच.

आधी नडगी. तिला खुर्चीवर बसवा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून बोट दाबत घोट्यापर्यंत न्या. वीतभर पट्टा दुखत असेल आणि पळून जरा अंग गरम झालं की कमी होत असेल तर बहुतेक हाडाला चिकटलेल्या स्नायूंची सूज आहे, पण एकाच जागी, रुपयाएवढ्या ठिकाणी बोट ठेवलं की ती ओरडत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग एक दिवसही पळवू नका, हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणून पुन्हा पळायला सोडू नका, एमआरआयबद्दल विचारा. चीर निघाली तर साधारण सहा ते आठ आठवडे पळणं बंद.

पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, त्या थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन), सोनोग्राफी आणि गरज वाटली तर इतर तपासण्या बघतील. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणीही करून घ्या. शेजारणीने सांगितलेली पाळी यायची गोळी मात्र देऊ नका, तिने रक्तस्राव होईल, तुम्हाला वाटेल झालं बरं, आणि हाड तसंच कच्चं राहील.

आता ताट. पावडरचा डबा आणायची काही गरज नाही. आपल्याकडे केळीचे घडच्या घड असतात आणि पोरी उपाशीपोटी पळतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. पहाटे निघताना एक केळं खायला द्या. पळून आल्यावर तासाच्या आत पेलाभर दूध आणि मूठभर शेंगदाणे गुळासोबत. दुपारी कळण्याची भाकरी, कारण ज्वारीत जे प्रोटीन कमी पडतं ते उडीद भरून काढतो, आपल्या आज्यांनी हे दळण उगाच नाही ठरवलं. सोबत डाळ, पालेभाजी, वर लिंबू पिळून. अंडी चालत असतील तर रोज दोन. जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही, तासभर थांबा. आणि रात्रीची भाकरी आजपासून सुरू. एवढ्या व्यायामाला वजनाच्या किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे हिला साधारण 55 ते 65 ग्रॅम, ते आपल्या घरच्या जेवणात बसतं.

आणि अकॅडमीतल्या सरांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा, की वजन कमी केल्याने 800 मीटरची वेळ सुधारत नाही, उपाशी शरीर शेवटच्या 200 मीटरला बसतं आणि गोळाफेकीला तर ताकद लागतेच. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पळणं पुन्हा सुरू करताना डांबराऐवजी मातीवर, दुखलं की थांबायचं, अंतर हळूहळू वाढवायचं.

प्रश्न : भुसावळला मे महिन्यात आमची पोरं सकाळी नऊपर्यंत सराव करतात. उन्हाने कोणी पडलं तर काय करायचं?

उत्तर : पहिलं म्हणजे सराव सातच्या आत संपवा, नव्या पोराला उन्हाची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात, पहिल्याच दिवशी पूर्ण ग्राउंड नको. पडलेला पोरगा असंबद्ध बोलत असेल, अंग तापलं असेल तर उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून गाफील राहू नका, पळणाऱ्याला घाम असतानाही उष्माघात होतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, बादल्या-बादल्या गार पाणी अंगावर ओता, टाकी असेल तर गळ्यापर्यंत बसवा पण धरून ठेवा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने 108 ला फोन लावायचा. शुद्धीत नसताना तोंडात पाणी घालू नका, गाडी येईपर्यंत पाणी ओतत राहा.