पुण्यात सरकारी तपासणी मोफत, तरी गरोदर बायका उशिरा का येतात?
फुकट असली तरी दिवसाची मजुरी बुडते. बांधकामावरच्या बायकांची तर साइट बदलली की दवाखानाही बदलतो. त्यात ‘तीन महिने कुणाला सांगायचं नाही’ ही रीत! नोंदणी 12 आठवड्यांच्या आत हवी, नेमकी तीच वेळ हातची जाते. मग हिमोग्लोबिन कमी निघालं तर भरून काढायला महिने उरत नाहीत. पहिलटकरीण सातव्यात माहेरी जाते आणि तपासण्यांची नोंद असलेलं माता-बाल संरक्षण कार्ड पुण्यातच राहतं. तिकडे सगळं पहिल्यापासून. कार्ड आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट पिशवीत आधी टाका. लोहाच्या गोळीने मळमळलं की बायका ती परस्पर बंद करतात. रात्री जेवल्यावर घ्या, चहासोबत नको. चौथा महिना लागला असेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला जा, त्या दिवशी सरकारी रुग्णालयात डॉक्टर मोफत तपासतात. सासूबाईंना सोबत न्या, निम्मी अडचण तिथेच सुटते.