तो आजोबांवर गेलाय का?

प्रश्न : ताई, माझा मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. घरी अखंड बडबडतो, आरत्या तोंडपाठ. पण गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले की माळ्यावर जाऊन बसतो. बंदरावर लिलावाला नेलं तर माझा पदर सोडत नाही. सासूबाई म्हणतात, 'आजावर गेलाय, स्वभावाला औषध नाही.' दीर म्हणतात, वसतिगृहात ठेवा, सुधारेल. पाच वर्षांपर्यंत स्वभाव पक्का होतो असं वाचलंय. उशीर झाला का?
– एक आई, हर्णै

उत्तर : नाही, उशीर झालेला नाही. वसतिगृहाचा विचार तर आत्ता सोडूनच द्या.

पाच वर्षांचं ते मत मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याचं. व्यक्तिमत्त्वाचा पाया पहिल्या पाच-सहा वर्षांतच रचला जातो, असं तो मानायचा. त्याच्याच परंपरेत शिकलेल्या एरिक एरिक्सनने 1950 मध्ये घडण आयुष्यभर चालते असं मांडलं आणि तिचे आठ टप्पे सांगितले. तुमचा मुलगा त्यातल्या चौथ्या टप्प्यावर आहे. 'मला हे जमतं' किंवा 'मी कमी आहे' यातलं काय मनात रुजेल, हा या वयाचा प्रश्न. म्हणून पाहुण्यांसमोरचं 'लाजरा आहे हो आमचा' हे वाक्य मला फार खटकतं. मुलं ते ऐकतात आणि खरं मानतात.

सासूबाईंचं म्हणणं अगदी चूक नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं, की माणसामाणसांच्या स्वभावांतल्या फरकांपैकी साधारण निम्मा फरक आनुवंशिक असतो. पण निम्माच, आणि नातवात आजोबांचा अंश सरासरी पाव.

तुमच्या मुलासाठी मला सर्वांत मोलाचं वाटतं ते अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याचं काम. 1956 पासून त्यांनी न्यूयॉर्कमधल्या शंभरावर मुलांचा तान्हेपणापासून वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यातली सुमारे 15 टक्के मुलं नव्या माणसांत, नव्या जागी आधी मागे सरायची आणि सवडीने रुळायची. हा दोष नव्हे, जन्मजात धाटणी. पुढे त्रास कोणाला झाला? ज्यांच्या धाटणीशी घरच्यांच्या अपेक्षांचा मेळ बसला नाही त्यांना. वसतिगृहात हा मेळ एका दिवसात मोडेल.

तेव्हा चाकरमानी येण्याआधीच त्याला सांगा, कोण येणार, कोण कुठे झोपणार. आरतीला पुढे ढकलू नका. हातात झांजा द्या, उभा राहील तुमच्या शेजारी. बंदरावर गर्दी व्हायच्या आधी जा. पदर धरून तो सगळं निरखत असेल, आणि निरखणं हेही शिकणंच असतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुराच्या 1961 च्या प्रयोगात मोठ्यांना बाहुलीला मारताना नुसतं पाहिलेल्या मुलांनी नंतर तसंच केलं होतं. चांगल्या गोष्टीही मुलं अशीच उचलतात. कोणी त्याला काही विचारलं तर लगेच तुम्ही उत्तर देऊ नका. थांबा थोडं, अवघड वाटलं तरी.

एक मात्र बाईंना विचारा : वर्गात तो बोलतो का? घरी घडाघडा बोलणारं मूल शाळेत महिन्याहून अधिक काळ अजिबात बोलत नसेल, तर तो निव्वळ लाजाळूपणा नसू शकतो. मग बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यासाठी चिठ्ठी मागा. त्यावर उपचार आहेत, आणि लवकर सुरू केले तर गुण चांगला येतो.