कांजी लक्षात राहत नाहीत? आधी शब्द धरा

तुमचा प्रश्न असा : जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची पहिली पायरी एन-५ झाली, पुढच्या एन-४ ची तयारी चालू आहे. रोज नव्या कांजी (जपानीतली चिनी मूळची, अर्थ दाखवणारी अक्षरं) घेऊन प्रत्येक पन्नास वेळा लिहिता, तरी पंधरा दिवसांनी त्यातल्या निम्म्या आठवत नाहीत. शिवाय जेएलपीटीत हाताने काही लिहायचंच नसतं, मग लिहिणं सोडून द्यावं का?

लिहिणं सोडू नका. पन्नास वेळा लिहिणं मात्र आजपासून सोडा. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर हात आपोआप चालत असतो, लक्ष दुसरीकडे असतं. वर बघून खाली उतरवल्याने अक्षर वळणदार होतं, पण आठवायची सवय लागत नाही. त्यापेक्षा शब्द हिरागानात (जपानीच्या उच्चाराप्रमाणे लिहायच्या लिपीत) लिहा, पुस्तक मिटा, कांजी आठवून लिहा आणि मग ताडून बघा. जिथे अडलात तेवढीच रेघ नीट बघून पुन्हा न बघता लिहा. दोनदा बरोबर आली की ती कांजी आजच्यापुरती संपली. उद्या पुन्हा, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने. हा हिशेब अंकी हे फ्लॅशकार्डांचं अ‍ॅप ठेवतं, पण उत्तर कागदावरच लिहा. गणिताची चौकटीची वही घ्या आणि चार चौकटी मिळून एक कांजी काढा. मधल्या रेघांमुळे डावा भाग किती, उजवा किती, याचा अंदाज पक्का होतो.

आता मूळ अडचण. आपण कांजी घेतो, तिची ओन्योमी-कुन्योमी (चिनीतून आलेला उच्चार आणि मूळ जपानी उच्चार) पाठ करतो आणि मग शब्दांकडे जातो. जपानी मुलं नेमकी उलटी येतात. तिथे प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी शिकवतात, त्यातल्या पहिलीत फक्त ८०. पण 'मिझु' म्हणजे पाणी हे त्या मुलाला कांजी दिसण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत असतं. शब्द तोंडात बसलेला असतो, त्याला फक्त आकार मिळतो. आपल्याकडे आकार, अर्थ, उच्चार तिन्ही एकदम नवे, म्हणून काहीच टिकत नाही. त्यामुळे जो शब्द तुम्ही ऐकलाय, वाक्यात वापरलाय, त्याचीच कांजी आधी घ्या.

जन्म-जीवन या अर्थाची पाच रेघांची कांजी बघा. गाकुसेइ आणि सेन्सेइमध्ये ती 'सेइ', तान्जोओबीमध्ये 'जोओ', इश्शोओमध्ये 'शोओ', उमारेरुमध्ये 'उ', इकिरुमध्ये 'इ', आणि एकटी असली तर 'नामा' म्हणजे कच्चं. ही यादी पाठ करण्यात अर्थ नाही. यातले चार-पाच शब्द तुम्हाला आधीच येतात. ते शब्द म्हणून वाचा, उच्चार आपसूक येतो.

ओन-कुनचं कोडं मराठी माणसाला खरं तर सोपं जायला हवं. आपण पाणी पितो, पण जलाशय आणि जलप्रवास म्हणतो. तसंच तिथे सुटं असताना मिझु आणि जोडशब्दात 'सुइ' : सुइदोओ, सुइयोओबी. सुटी कांजी किंवा मागे ओकुरिगाना (कांजीला जोडून येणारी हिरागाना अक्षरं) असेल तर बहुधा कुन, दोन कांजी जोडून आल्या तर बहुधा ओन. तेगामीसारखे (पत्र; दोन कांजी, तरी कुन) अपवाद भेटतील तसे शिका.

तिसरं, कांजीचे भाग ओळखा. देऊळ या अर्थाची 'तेरा' घ्या. तिचं ओन 'जि'. तिच्या डावीकडे सूर्य आला की वेळ (जिकानमधला जि), हाताची खूण आली की 'मोत्सु' (धरणं), रस्त्याने चालण्याची खूण आली की 'मात्सु' (वाट बघणं), बैल आला की तोकुबेत्सुमधला (विशेष) 'तोकु', बोलण्याची खूण आली की कविता, 'शि'. मोत्सु आणि मात्सु दिसायलाही जवळ, ऐकायलाही जवळ, म्हणून एन-४ ला हमखास गोंधळ होतो. या दोन्ही शेजारी शेजारी लिहा आणि फक्त डावी बाजू बघा. हाताच्या खुणेत एक आडवी, एक खाली आकडा असलेली उभी आणि एक वर जाणारी तिरपी रेघ असते. दुसरीत डावीकडे उतरणाऱ्या दोन तिरप्या रेघा आणि एक उभी. एवढा फरक हाताला कळला की गोंधळ मिटतो. नुसतं बघून तो सहसा कळत नाही, आणि लिहिणं सोडू नका म्हणते ते याचसाठी.

उच्चाराची खूण या गटात कुठे लागू पडते, कुठे नाही. पण निळ्या रंगाची 'सेइ' बघा : डावीकडे पाणी आलं की सेइकेत्सु (स्वच्छ), सूर्य आला की काइसेइ (निरभ्र), तांदूळ आला की सेइशिन (मन), बोलणं आलं की सेइक्यूशो (बिल). सगळीकडे सेइ. बहुसंख्य कांजी अशाच बनल्या आहेत, एक बाजू अर्थाची आणि एक उच्चाराची. दोन-तीनशे कांजी झाल्यावर हे दिसायला लागतं आणि पुढचा वेग वाढतो.

सगळ्या हाताने यायला हव्यात का? २०१० पासूनच्या जोयो यादीत, म्हणजे रोजच्या वापरातल्या कांजींच्या सरकारी यादीत, २,१३६ आहेत. माझं मत स्पष्ट आहे : एन-४ पर्यंतच्या साधारण तीनशे हाताने पक्क्या करा. पुढच्या ओळखता आल्या तरी चालतील. जपानला राहायला गेलात तर आपला पत्ता मात्र कांजीत लिहिता यायला हवा, वॉर्ड ऑफिसच्या अर्जांवर तो लागतोच.

पण ओळखणं म्हणजे नीट ओळखणं. कॉम्प्युटरवर 'इगाइ' टाइप केलंत की 'खेरीज' आणि 'अनपेक्षित' असे दोन्ही पर्याय समोर येतात. दुसरी कांजी दोन्हींत एकच, फरक पहिलीत. ऑफिसच्या मेलमध्ये ही चूक मी वरचेवर बघते, आणि एका चुकीच्या कांजीने वाक्याचा अर्थच बदलतो.

रेघांचा क्रमही पहिल्यापासून नीट पाळा : वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि चौकटीची खालची रेघ सगळ्यात शेवटी. माती आणि सामुराई या दोन कांजींत फरक एवढाच की मातीत खालची आडवी लांब, सामुराईत वरची. दोन्ही रेघा सारख्या काढल्या तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

या आठवड्यात नवं काही घेऊ नका. वहीतल्या विसरलेल्या कांजींपुढे तुम्ही रोज बोलता तो एकेक शब्द लिहा. ज्यांना शब्द सापडणार नाही त्या तूर्त बाजूला ठेवा, तो शब्द धड्यात किंवा बोलण्यात भेटला की घ्या.