अर्पेजिएटर चालू केल्यावर व्हायब्रेटो ऐकू का येत नाही?

सॉफ्टवेअर सिंथेसायझरवर अर्पेजिएटर (दाबून धरलेले स्वर एकामागून एक वाजवणारी सोय) चालू करताच व्हायब्रेटो (स्वराचा हलका कंप) नाहीसा होतो, याचे कारण बहुधा वेळेच्या गणितात आहे. व्हायब्रेटोसाठी एलएफओ (मंद गतीचा आंदोलक) स्वराची उंची सेकंदाला साधारण ५ ते ६ वेळा हलवतो, म्हणजे एका आंदोलनाला १७० ते २०० मिलिसेकंद लागतात. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) सोळांश नोट (ठोक्याचा चौथा भाग) मात्र १२५ मिलिसेकंदांतच संपते. त्यातच एलएफओला डिले (उशिरा सुरू होण्याची वेळ) दिलेला असेल आणि एलएफओ प्रत्येक नोटेबरोबर नव्याने सुरू होत असेल, तर व्हायब्रेटो अजिबात ऐकू येणार नाही. म्हणून डिले शून्यावर आणावा, रीट्रिगर (प्रत्येक नोटेला एलएफओ नव्याने सुरू होणे) बंद करावे आणि अर्पेजिएटरचा रेट अष्टमांशावर ठेवून गेट (प्रत्येक नोट किती वेळ वाजते ते) वाढवावे. डेप्थ (कंपाचे प्रमाण) वाढवण्याचा मोह टाळावा, कारण तुटक स्वरांवर ती निव्वळ बेसूर वाटते. मी स्वतः व्हायब्रेटो मॉड्युलेशन व्हीलवर (कीबोर्डवरील चाकावर) ठेवून लांब स्वरांपुरताच वापरतो.