ते वाक्य तुम्ही कंसात का लिहिलेत?

*“मी शहरात बस चालवतो. बस उशिरा आली की प्रवासी माझ्यावरच ओरडतात, थांब्याच्या जागेत कोणाच्या तरी मोटारी उभ्या असतात, दार बंद केल्यावर लोक काच बडवतात आणि शेवटच्या थांब्यावर पोहोचेपर्यंत पुढच्या फेरीची वेळ झालेली असते. हल्ली दुपारनंतर मी प्रवाशांवर खेकसतो. दोनदा लेखी तक्रार झाली, दोन्ही वेळा दुपारनंतरच्याच फेरीवर. (ड्यूटीवर मी पाणी पीत नाही, त्यामुळे मध्ये उतरण्याचा प्रश्न येत नाही, कधीकधी जळजळ होते एवढेच.) राग आवरण्यासाठी काय करू?”*

चालकदादा,

पत्रभर तुम्ही रागाबद्दल लिहिलेत आणि पाण्याबद्दल कंसात एकच वाक्य. ते वाचून मला काळजीही वाटली आणि तुमचा रागही आला.

काच बडवणारे आणि थांब्यावर गाडी लावून जाणारे उद्याही तसेच वागतील. त्यांच्याविषयी मी अधिक काही लिहीत नाही. माझे लक्ष ‘दुपारनंतर’ या शब्दावर अडले आहे. सकाळपासून घशाखाली घोटभर पाणी न गेलेला माणूस उन्हात, गर्दीत, सतत आरशांकडे आणि रस्त्याकडे डोळे लावून बसतो, तेव्हा दुपारपर्यंत त्याचे डोके जड होते, लक्ष विचलित होते आणि साध्या प्रश्नालाही तो तिरसटपणे उत्तर देतो. 2015 साली इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात काही पुरुषांना आभासी रस्त्यावर दोन तास गाडी चालवायला लावली होती. पुरेसे पाणी दिलेल्या दिवसापेक्षा जेमतेम घोटभर पाणी दिलेल्या दिवशी त्यांच्या हातून दुपटीहून अधिक चुका झाल्या. तुमच्या मागे तर माणसांनी भरलेली बस असते.

आणि ‘जळजळ होते एवढेच’ असे लिहिताना तुमचा हात थबकला नाही का? पाणी कमी पिणे आणि लघवी तासन्‌तास रोखून धरणे यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो; पाणी कमी पडत राहिले तर मूतखडाही होतो. या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन लघवीची तपासणी करून घ्या.

उतरलो तर उशीर होईल, मागची बस येऊन चिकटेल, असे तुम्ही म्हणाल. बस एकदा उशिराने धावू लागली की पुढच्या प्रत्येक थांब्यावर तिची वाट पाहणारे अधिक साचतात, त्यांना चढायला अधिक वेळ लागतो आणि ती आणखी मागे पडते, तर मागच्या बसला थांबे रिकामे मिळतात. हे कोणत्याही शहरात, कितीही कुशल चालकाच्या बाबतीत घडते. शेवटच्या थांब्यावर दोन फेऱ्यांमध्ये वेळ सोडलेला असतो तो हा उशीर भरून निघावा आणि चालकाला उसंत मिळावी म्हणून. तो पुरत नसेल तर वेळापत्रकात तूट आहे, आणि ती तूट तुम्ही स्वतःच्या शरीरातून भरून काढत आहात. तुम्ही ती मुकाट्याने भरता, म्हणूनच कागदावर सारे काही बरोबर दिसते आणि आखणी करणाऱ्याला ती बदलण्याचे कारणच सापडत नाही. याला तुम्ही कामाची निष्ठा समजत असाल. मला तसे वाटत नाही.

तेव्हा उद्या एकच गोष्ट करा. पाण्याची बाटली सोबत घ्या, थोडे थोडे पाणी पीत राहा आणि शेवटच्या थांब्यावर पोहोचताच, नियंत्रकाशी बोलण्याआधी, प्रवाशांना चढू देण्याआधी, हँडब्रेक लावून खाली उतरा आणि शौचालयात जाऊन या. चार मिनिटे उशीर झाला तर होऊ द्या. धावत्या रस्त्यावर तो भरून काढू नका आणि नोंदीत ‘वाहतूक कोंडी’ असे लिहू नका. ‘शौचालयास गेल्यामुळे चार मिनिटे उशीर’ असे स्वच्छ अक्षरात लिहा. तिथे शौचालयच नसेल, तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहा. ज्या सहकाऱ्यांनी तुमच्यासारखेच पाणी सोडले आहे (असे सहकारी असणारच, विचारून पाहा), त्यांनाही लिहायला सांगा. नियंत्रकाने जाब विचारला तर आवाज न चढवता त्याला नोंद दाखवा आणि पुढच्या फेरीनंतर पुन्हा उतरा.