प्रवासाचं विचारा : पोरं, क्रूझ आणि दोन हजार वर्षांचे दगड

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही मेच्या शेवटी सात रात्रींची क्रूझ बुक केलीये. रोमजवळच्या चिविटावेक्कियाहून निघायचं, मग नेपल्स, काताकोलो, पिरेयस म्हणजे अथेन्स, कुशादासी आणि परत चिविटावेक्किया. मुलगी ८ ची, मुलगा ४ चा आणि सोबत सासूबाई, वय ६७, गुडघे दुखतात. मिस्टरांनी यादी काढलीये, पॉम्पेई, ऑलिंपिया, अ‍ॅक्रोपोलिस, एफेसस, प्लस प्रत्येक ठिकाणी म्युझियम आणि मार्केट. मला आत्तापासूनच टेन्शन आलंय की पोरं उन्हात रडणार आणि पडके दगड बघून त्यांना कळणार काय? मैत्रीण म्हणते त्यांना शिपवरच किड्स क्लबमध्ये ठेवा आणि तुम्ही दोघं जाऊन या. काय करू? (एक आई, ठाणे)

उत्तर : पोरांना शिपवर ठेवू नका, प्लीज. स्लाइड आणि पूल त्यांना संध्याकाळी मिळणारच आहेत, पण ज्या रस्त्यावर रोमन बैलगाड्यांच्या चाकोऱ्या दगडात कोरल्यासारख्या दिसतात तिथे चालायला परत कधी मिळेल? मी माझ्या दोघांना घेऊन जवळजवळ हाच रूट केलाय, तेव्हा ती ५ आणि ९ ची होती, आणि त्यावरून एकच गोष्ट अगदी मनापासून सांगते की एका बंदरात एकच जागा, आणि त्या जागेत पोराला करायला काहीतरी एक काम. बाकीची यादी मिस्टरांना हळूच बाजूला ठेवायला सांगा. मोठी माणसं बघतात, पोरं बघत नाहीत, ती काहीतरी करतात आणि करता करता त्यांना दिसतं.

म्हणजे कसं, तर ऑलिंपिया घ्या, ग्रीसमधली जुन्या ऑलिंपिक शर्यतींची जागा. काताकोलोपासून साधारण ३५ किमी, बसने पाऊणएक तास. तिथे झाडं आहेत, सावली आहे, आणि मुख्य म्हणजे एका कमानीखालून गेलं की स्टेडियम येतं. दगडी स्टेडियम नाही हं, नुसता लांबच लांब मातीचा ट्रॅक आणि दोन्ही बाजूला गवताचे उतार, लोक तिथेच बसून बघायचे. ट्रॅकच्या टोकाला दगडी स्टार्टिंग लाइन अजून आहे, त्यात पायाची बोटं रोवायला खाचा आहेत. तिथे तुमच्या लेकीला उभं करा आणि म्हणा पळ! लांबी १९२ मीटर आहे. परंपरेप्रमाणे इ.स.पू. ७७६ च्या शर्यतीत पहिला आलेला कोरोइबोस हा स्वयंपाकी होता, आणि बक्षीस काय तर ऑलिव्हच्या फांद्यांचा मुकुट, हे पळायच्या आधी सांगा. माझी मोठी एवढं ऐकून तीनदा पळाली आणि मग स्वतःहून विचारत बसली की मुली पळायच्या का. (मुलींची वेगळी शर्यत असायची, हेरा देवीच्या नावाने.) झ्यूसच्या देवळाचे खांब भूकंपात कोसळून चकत्यांसारखे ओळीने पडलेत, ४ वर्षाच्या पोराला त्या चकत्या मोजायला सांगा, अर्धा तास सहज जातो. फक्त वर चढू देऊ नका, गार्ड लगेच शिट्टी मारतात आणि ते बरोबरच आहे.

एफेसससाठी, म्हणजे तुर्कस्तानातल्या जुन्या रोमन शहरासाठी, एक ट्रिक आहे. कुशादासीपासून २० किमीच्या आत आहे, त्याला वरचं गेट आणि खालचं गेट असे दोन दरवाजे आहेत. वरून आत शिरायचं आणि खालून बाहेर पडायचं, म्हणजे अख्खी वाट उताराची, टॅक्सीवाल्याला खालच्या गेटला थांबायला सांगायचं. उतार असला तरी संगमरवर लाखो पायांनी गुळगुळीत झालाय, त्यामुळे सगळ्यांना चांगल्या ग्रिपचे शूज, आणि स्ट्रोलर अजिबात नको, ४ वर्षांच्या पोरासाठी पाठीवरचं कॅरियर नाहीतर बाबांचे खांदे. सासूबाईंच्या गुडघ्यांना उतार चढापेक्षा जास्त त्रास देतो, तेव्हा त्यांना आधीच विचारा, त्यांना नको असेल तर तो दिवस त्यांनी शिपवर आरामात घालवला तरी काही बिघडत नाही. एफेससला पोरांना सगळ्यात जास्त काय आवडतं तर सार्वजनिक संडास! दगडी बाकाला ओळीने भोकं, मध्ये आडोसा काही नाही, सगळे शेजारी शेजारी बसून गप्पा मारायचे. पोरं हसून हसून लोळतात आणि तो रोमन काळ त्यांच्या डोक्यात कायमचा बसतो. त्यानंतर सेल्ससचं ग्रंथालय दाखवा, दुसऱ्या शतकातलं, त्यात पुस्तकं नव्हती तर गुंडाळ्या होत्या. खालच्या बाजूला साधारण २५,००० माणसं बसतील एवढं थिएटर आहे आणि त्याच्या समोरून जो रुंद रस्ता जातो तो पूर्वी थेट बंदरावर जायचा. आता समुद्र तिथून कित्येक किलोमीटर लांब गेलाय, नदीने आणलेल्या गाळाने बंदर बुजून गेलं आणि हळूहळू शहरच संपलं. जहाजातून आलेल्या पोरांना हे लगेच पटतं, माझा धाकटा म्हणाला मग आपलं जहाज इथेच आलं असतं ना. आणि मांजरं! जिथे तिथे मांजरं आहेत. सावली मात्र जवळजवळ नाही.

आता अथेन्स. इथे आम्ही चूक केली म्हणून जरा लांबण लावते. जुलै होता, सकाळी शिपवर निवांत नाश्ता केला, मेट्रोने पोचेपर्यंत अकरा वाजून गेले आणि बाराच्या उन्हात अ‍ॅक्रोपोलिस चढायला लागलो. अर्ध्या वाटेत पाणी संपलं, वर पोचल्यावर धाकट्याला भोवळ आली, मी त्याला कडेवर घेऊन तशीच उतरले, पार्थेनॉनकडे, म्हणजे वरच्या अथेना देवीच्या देवळाकडे, मान वर करून बघितलंही नाही. वर सावलीला एक झाड नाही. गेल्या काही वर्षांत कडक उन्हाळ्याच्या दिवसांत सरकारच दुपारचे काही तास अ‍ॅक्रोपोलिस बंद ठेवतं, आणि तिकीटसुद्धा आता ठरलेल्या वेळेचंच मिळतं, तेव्हा सकाळचा सगळ्यात पहिला स्लॉट घ्या किंवा वर जाऊच नका. हो, जाऊच नका असंही मी म्हणते. तुमच्याबरोबर ४ वर्षांचा मुलगा आणि दुखरे गुडघे आहेत, तर सरळ खाली अ‍ॅक्रोपोलिस म्युझियममध्ये जा. एसी आहे, लिफ्ट आहे, जमीन काचेची आहे आणि पायाखाली जुन्या वस्तीचं उत्खनन दिसतं, पोरं पालथी पडून बघतात. लेगोचं अख्खं अ‍ॅक्रोपोलिस केलेलं आहे ते तर चुकवूच नका. वरच्या मजल्यावरच्या काचेतून पार्थेनॉन समोर दिसतो, सासूबाईंना खुर्चीत बसून दिसतो. मिस्टरांना आणि लेकीला हवं तर सकाळच्या पहिल्या स्लॉटला वर पाठवा आणि दहा वाजता म्युझियमच्या दारात भेटा.

लवकर उठायचं म्हटलं की सगळे कुरकुरतात, पण आपलं घड्याळ इथे मदतीला येतं. उन्हाळ्यात इटली आपल्या साडेतीन तास मागे, ग्रीस आणि तुर्कस्तान अडीच तास. म्हणजे पोरं पहिले काही दिवस आपोआप पाचला टक्क जागी होतात. त्यांना परत झोपवायच्या भानगडीत पडू नका, शूज घाला आणि निघा, बारापर्यंत शिपवर परत.

नेपल्सचं खाली वेगळं लिहिते कारण त्यावर अजून एक पत्र आलंय. त्याआधी तुमच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. कुशादासी तुर्कस्तानात आहे, ते शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, नाही, आणि तुम्ही तिथून परत इटलीत येणार, तेव्हा शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा, सिंगल एंट्री नको. तुर्कस्तानच्या व्हिसाचं काय ते क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या, एजंटच्या तोंडी सांगण्यावर राहू नका. आणि खाऊ. थेपले, खाकरा, भडंग, शेंगदाण्याची चिक्की बिनधास्त न्या, पण बाहेरून युरोपात दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, तुपाची बरणी घरीच.

प्रश्न : आमच्या क्रूझमध्ये नेपल्सला एक दिवस आहे. मुलगा ६ वर्षांचा, खूप हळवा आहे, रात्री घाबरून उठतो. पॉम्पेईत मेलेल्या माणसांचे पुतळे आहेत म्हणे, ते त्याला दाखवावेत का? की पॉम्पेईच टाळावं? (एक बाबा, मस्कत)

उत्तर : प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत कारण बहुतेक जण तिथे जाऊन अडकतात.

आधी ते काय आहे ते नीट सांगते. पुतळे नाहीत ते. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस हा ज्वालामुखी फुटला, माणसं राखेखाली गाडली गेली, राख घट्ट झाली आणि हाडं सोडून शरीरं नाहीशी झाली तरी त्यांच्या आकाराची पोकळी तशीच राहिली. १८६३ मध्ये फिओरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने त्या पोकळीत प्लॅस्टर ओतायची पद्धत बसवली, तेव्हा माणसाचा शेवटचा क्षण समोर आला. आत खरी हाडं आहेत. म्हणजे ती खरोखरची माणसं आहेत आणि तिथे सेल्फी काढणारे बघितले की मला फार वाईट वाटतं.

हळव्या मुलासाठी मी हे करीन. ‘पळून जाणाऱ्यांची बाग’ म्हणतात तिथे १३ जण आहेत, त्यात लहान मुलंही, ती बाग एका कोपऱ्यात आहे, तिकडे जायचंच नाही. पण फोरमच्या, म्हणजे गावातल्या मुख्य चौकाच्या, कडेला जाळीमागच्या कोठारात मडक्यांच्या बरोबर प्लॅस्टरची एखाद-दोन माणसं ठेवलीयेत आणि ती चालता चालता दिसू शकतात, तेव्हा आदल्या रात्रीच सांगून ठेवा की इथे खूप वर्षांपूर्वी डोंगर फुटला, काही माणसं पळाली, काही राहिली, आणि आपण त्यांना नमस्कार करून पुढे जायचं. मुलाला खोटं सांगू नका, दगडाचे आहेत वगैरे. नंतर कळलं की जास्त घाबरतात.

आणि पॉम्पेई म्हणजे तेवढंच नाही हो! रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड ठेवलेत, खालून घाण पाणी वाहायचं म्हणून, आणि दोन दगडांमधून गाडीची चाकं जातील एवढी फट सोडलीये, त्यावरून ढांगा टाकत जाणं हेच तुमच्या मुलाचं काम. काउंटरमध्ये मडकी बसवलेल्या खानावळी शोधायला सांगा, घरात स्वयंपाक न करणारे लोक तिथे उभ्या उभ्या गरम खायचे, अगदी आपल्या नाक्यावरच्यासारखं. एका घराच्या उंबऱ्यात साखळीला बांधलेल्या काळ्या कुत्र्याचं मोझेक आहे आणि खाली लिहिलंय ‘कावे कानेम’, म्हणजे कुत्र्यापासून सावध. एका भट्टीत ८१ पाव सापडले होते, त्या सकाळी भाजायला घातलेले. हे ऐकून माझी मोठी एकदम गप्प झाली, तिला प्लॅस्टरपेक्षा ते पाव जास्त लागले.

पण सहा वर्षांच्या मुलाबरोबर मी खरंतर हर्क्युलेनियम निवडीन, त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं शेजारचं गाव. पॉम्पेई ६६ हेक्टर आहे, हे त्यामानाने छोटंसं. नेपल्सहून त्याच लोकल लाइनवर, पॉम्पेईच्या आधी एर्कोलानो स्कावी स्टेशन, तिथून दहाएक मिनिटं उतारावर चालत. गावाच्या वर उभं राहून खाली सगळं गाव दिसतं, दुमजली घरं, कोळसा झालेली लाकडी दारं, पलंग. दोन अडीच तासात मनसोक्त होतं. तिथे जुन्या किनाऱ्यावरच्या बोटींच्या कमानींमध्ये मात्र सांगाडे आहेत, तेवढा भाग सोडा. पॉम्पेईलाच गेलात तर तिकीट आधी काढा, नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं. १८ च्या आतल्यांना फुकट आहे.

प्रश्न : शिपच्या टूर महाग आहेत. स्वतः गेलो आणि उशीर झाला तर शिप थांबते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : स्वतः गेलात तर नाही थांबत. शिपच्याच टूरची बस अडकली तर थांबतात. त्यामुळे लांबच्या ठिकाणी, समजा चिविटावेक्कियाहून रोम, जे ७०-८० किमी आहे, तिथे लहान मुलं असतील तर पैसे गेले तरी शिपची टूर घ्या. एफेसस जवळ आहे, टॅक्सीने होतं. सुटायच्या वेळेच्या दोन तास आधी बंदरात असायचं असं घरात ठरवून टाका. आणि एक बघा, ग्रीसचं घड्याळ इटलीच्या एक तास पुढे आहे, फोन आपोआप बदलतो पण शिपवरची वेळ शिप ठरवेल ती, तेव्हा साधं मनगटी घड्याळ शिपच्या वेळेला लावून हातात घाला.

प्रश्न : आमची नातवंडं (७ आणि ९) आईबाबांबरोबर इटली-ग्रीसला क्रूझने जाणार आहेत. आम्ही आजीआजोबा इथेच. जायच्या आधी त्यांची काही तयारी करून घेता येईल का? (एक आजोबा, सांगली)

उत्तर : आजोबा, तुम्ही सांगलीत आहात म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे. नातवंडांना घेऊन कोल्हापूरला टाउन हॉल म्युझियममध्ये जा. तिथे पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची छोटीशी ब्राँझची मूर्ती आहे, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली. तिकडचा देव दोन हजार वर्षांपूर्वी जहाजात बसून आपल्याकडे आला आणि आता तुम्ही जहाजात बसून त्याच्या गावाला चाललात, एवढंच सांगा, बाकीचं ती स्वतः विचारतील.

आणि उलटंही झालंय. १९३८ मध्ये पॉम्पेईत एक हस्तिदंती बाई सापडली, भारतात घडवलेली, आधी तिला लक्ष्मी म्हणायचे, आता बरेच जण यक्षी म्हणतात. तशीच एक हस्तिदंती मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळालीये, म्हणून काही अभ्यासकांना वाटतं की पॉम्पेईची ती तिथलीच असावी. ती आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, पण ज्या दालनात ठेवतात तिथलं बाकीचं लहान मुलांनी बघण्यासारखं नाही, तेव्हा आई किंवा बाबा एकाने जाऊन बघून यावं. मंगळवारी ते संग्रहालय बंद असतं, हे सूनबाईंना कळवा.

घरी आल्यावर नकाशा काढून भोकरदनपासून पैठण, मग कोकणातली बंदरं, तांबडा समुद्र, इजिप्त आणि नेपल्स अशी पेन्सिलने रेघ ओढायला लावा. माझ्या बाबांनी आमच्या पोरांकडून ही रेघ काढून घेतली होती, तो नकाशा पोरांनी नेपल्सला बरोबर नेला, बंदरावर उतरल्या उतरल्या उघडला आणि धाकट्याने रेघेच्या शेवटच्या टोकावर बोट ठेवून मला म्हटलं, आई, आत्ता आपण इथे.