धाकटी बहीण उंच झाली, हा मात्र तेवढाच

प्रश्न : ताई, माझा मुलगा नववीत आहे, पुढच्या महिन्यात १४ पूर्ण होतील. उंची १४८ सेंमी. दरवर्षी वाढदिवसाला दारावर पेन्सिलने खूण करतो, गेल्या वर्षीपेक्षा जेमतेम ५ सेंमी वर गेलीय. बहीण १२ची, ती याच्यापेक्षा उंच, चिडवते पण. शेजारच्या काकूंनी उंचीच्या पावडरचा डबा आणून दिलाय आणि रोज बारला लोंबकळायला सांगितलंय. त्यात यंदा हा विहिरीवर पोहायला गेलाच नाही, आंघोळीहून टॉवेल खांद्यावरून गुंडाळून येतो, खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला निपलखाली गाठ आहे, दाबलं की दुखते. मला रात्री झोप नाही. यांची उंची ५ फूट ६, माझी ५ फूट १.
– एक आई, तासगाव

उत्तर : आधी तो डबा काकूंना परत देऊन टाका, म्हणावं धन्यवाद. आणि गाठीचं ऐकून तुमची झोप उडाली, पण मला ते वाचून उलट बरं वाटलं. या वयात निपलखाली सुपारीएवढी, दुखरी गाठ निम्म्या तरी मुलांना कधी ना कधी येते, अंगात टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) वाढायला लागलं की त्यातलं थोडं शरीरच इस्ट्रोजेनमध्ये (बायकी हार्मोनमध्ये) बदलतं आणि तिथली ग्रंथी फुगते, बाकी काही नाही. बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जिरते. सारखी दाबून बघायची नाही, एवढंच. म्हणजे तुमचं पोरगं वयात यायला लागलंय आणि उंचीची गाडी आता सुटायचीय!

मुली साधारण वर्ष-दोन वर्षं आधी वयात येतात आणि त्यांची उंची सुरुवातीलाच झपाट्याने वाढते, म्हणून १२ची बहीण आज पुढे दिसते. मुलांचं उलटं असतं, आधी अंडकोष मोठे होतात, मग केस, आणि उंचीचा खरा झपाटा मागाहून, त्यात वर्षाला ९-१० सेंमी सुद्धा वाढतात. त्याच्या आधी वाढ जरा मंदावते, तुमची ती ५ सेंमीची खूण बहुतेक त्यातलीच. बुटांचा नंबर वाढलाय का बघा बरं, पाय आधी वाढतात, उंची मागून येते. आणि नवऱ्याला विचारा ते कधी उंच झाले, 'दहावीपर्यंत पहिल्या बाकावर होतो' असं म्हणाले तर अर्धं उत्तर घरातच मिळालं, हा उशीर बापाकडून पोराकडे येतो, आईकडूनही येतो.

ढोबळ हिशोब सांगते. मुलासाठी वडिलांची उंची अधिक आईची, दोन्ही सेंमीत, त्यात १३ मिळवा, दोनाने भागा. तुमचं १६८ अधिक १५५ अधिक १३, म्हणजे ३३६, अर्धे १६८ सेंमी. ८ सेंमी इकडे-तिकडे धरा. सहा फूट होणार नाही, पण बापाएवढा व्हायला हरकत नाही. लोंबकळून हाडं वाढत नाहीत, ती टोकाच्या वाढीच्या पट्ट्यातून वाढतात आणि वय झालं की त्या पट्ट्या बुजतात. दंड भरायला बार चांगला, करू दे. रात्री मोबाईल काढून घेऊन झोपवा, अंडी, डाळ, दूध, शेंगदाणे पोटभर, बस.

तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. अंडकोष वाढलेत का हे ते दोन मिनिटात बघतात, १४ झाले तरी तिथे काहीच बदल नसेल तर तपासण्या लागतात. वाटलं तर डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय, म्हणजे हाडांची वाढ किती झाली नि किती बाकी आहे, ते बघतील. गाठ भराभर वाढतेय, दगडासारखी कडक आहे, त्यातून पाणी येतंय, असं असेल तर मात्र थांबू नका.

आणि हे सगळं त्याला तुम्ही नका सांगू, बापाला सांगू दे, बहिणीसमोर तर नकोच. आवाज फुटेल, पुरळ येईल, घामाला वास येईल, तेही त्यातच सांगून टाकायचं. विहिरीवर टी-शर्ट घालून पोहलं तरी चालतं म्हणावं.